कानामागची खूण

१

मठात बोलायचं नाही, हा नियम होता, आणि बर्गंडीतल्या त्या मठात नियम म्हणजे नियम. सकाळच्या सभेनंतर ओवरीत अर्धा तास काय तोंड चालवायचं ते चालवून घ्या, पुढे आजाऱ्यांची खोली सोडली तर सगळीकडे कारभार हातांचा. पाव हवा तर दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून गोल करायचा. मासा हवा तर हात शेपटीसारखा हलवायचा. पुस्तक हवं तर हात पुढे करून पान उलटल्यासारखं करायचं.

आणि पुस्तक ख्रिस्ताआधीच्या ग्रीक-रोमी कुणाचं, परधर्मी कवीचं असेल, तर पान उलटून झाल्यावर एका बोटानं कानामागे खरखर खाजवायचं. कुत्रं मागच्या पायानं खाजवतं ना, तसं. ज्याला प्रभू ठाऊक नाही तो कुत्र्यातच जमा, असा त्याचा अर्थ. ही खूण कुणी काढली देव जाणे, पण काढली त्याला हसू आलं असणार. आता गंमत अशी, की लॅटिन शिकायचं तर त्याच कुत्र्यांकडून. प्रार्थनेची भाषा त्यांच्या ताटातून उचलायची आणि मग तोंड पुसून त्यांना हाड् म्हणायचं, असा एकूण मामला.

तिबो हा त्या मठाचा ग्रंथपाल. वय बावन्न, शरीर बारीक, स्वभाव नेटका. पुस्तकांच्या खोलीला एकच जाड दार, आणि त्या दारात छातीच्या उंचीला वीतभर खिडकी. मागणारा बाहेरून हात आत घालायचा, खूण करायचा, तिबो पुस्तक द्यायचा. तोंड दिसायचं कारण नव्हतं. मठातले बेचाळीस भाऊ तो हातांवरून ओळखायचा. कुणाच्या नखात माती, कुणाच्या बोटाला शाईचा घट्टा, कुणाचं करंगळीचं पेर गेलेलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, जेवणं उरकल्यावर, खिडकीत हात आला. पान उलटलं. मागे गेला. आणि बाहेरून आवाज आला. खर्र. खर्र. खर्र.

तिबो सवयीनं उठला, कपाटाकडे दोन पावलं गेला आणि तिथंच थांबला. कुत्र्याची खूण करून पुस्तक मागणारा मठात गेल्या कित्येक वर्षांत एकच माणूस होता. म्हातारे रेनारबाबा. आणि रेनारबाबांना पुरून अकरा दिवस झाले होते.

त्यानं दार उघडलं. ओवरी रिकामी. अंगणातल्या बर्फावर कावळ्याची पावलं, दुसरं काही नाही. उंदीर असेल, तो मनाशी म्हणाला. वाऱ्यानं वेल घासली असेल. संध्याकाळच्या प्रार्थनेत, स्तोत्राच्या मधोमध, त्याच्या लक्षात आलं. बेचाळीस भावांपैकी प्रत्येकाच्या हाताला काळ्या झग्याची रुंद बाही असते. खिडकीतल्या त्या हाताला बाही नव्हती.

२

रेनारबाबांनी तिबोला अक्षरं शिकवली होती. तिबो सात वर्षांचा असताना आईबापांनी त्याला देवाच्या पदरात म्हणून मठात सोडला. पहिले दोन महिने तो नुसता रडायचा. बाबांनी त्याला समोर बसवलं आणि एक पातळसं पुस्तक उघडलं. पहिलं पान गेलेलं, त्यामुळे कवीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि दुसऱ्या कुठल्या मठात त्याची नक्कल असल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं.

गोष्ट साधीच होती. एका रोमी माणसाची सात वर्षांची मुलगी तापानं जाते. बाप ऐकायलाच तयार नाही. रोज दिवेलागणीला तो दारात उभा राहतो आणि तिला नावानं हाक मारतो. खेळ पुरे झाला, पाय धू, आत ये. पुढच्या पानावर पुन्हा संध्याकाळ, पुन्हा बाप दारात, पुन्हा हाक. शेवटच्या पानापर्यंत एवढंच.

तिचं नाव मोठं अवघड होतं. पोरगा तिबो अडखळला. बाबांनी त्याच्याकडून ते दहा वेळा म्हणवून घेतलं. "नीट म्हण. नाव म्हणजे माणूस असतं, बाळा. अर्धं घ्यायचं नाही." दहाव्यांदा ते बरोबर आलं आणि तिबोला हुंदका फुटला. आपल्याला दारात येऊन कुणी हाक मारणार नाही, हे त्याला तेव्हा कळलं असावं.

तेवढ्यात त्या वेळचे मठाधिपती ओवरीतून चालले होते. थांबले. म्हणाले, "कुत्र्याच्या पिल्लासाठी रडतोस होय रे? स्वतःच्या पापांसाठी कधी रडला आहेस का?" बोलायचा अर्धा तास चालू होता. चाळीस माणसं हसली.

ते हसू तिबोला जन्मभर पुरलं. तो असा कोरडा आणि असा चोख झाला की बोट ठेवायला जागा नाही. ग्रंथपाल झाल्यावर परधर्मी पुस्तकं त्यानं खालच्या फळीवर टाकली. तिथून ती मागायचे ते एकटे रेनारबाबा. दरवर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या सुरुवातीला, सगळ्यांना वर्षाचं पुस्तक वाटून झालं की, बाबा खिडकीत हात घालायचे, पान उलटायचे, आणि बाहेर खर्र, खर्र. चाळीस वर्षं, न चुकता.

तीन वर्षांपूर्वी तिबोनं ओवरीत त्यांना गाठलं होतं. "बाबा, या वयात तरी पुरे करा ना. लोक बोलतात."

"बोलू देत की. वर्षभर गप्प बसतात बिचारे, तेवढाच विरंगुळा."

"पण त्यात आहे काय आपल्यासाठी? ना प्रभूचं नाव, ना पापाची जाणीव."

"तिबो, एक बाप हाक मारतोय रे. प्रभूच्या आधी जन्मला हा काय त्याचा गुन्हा? ही पोर कुठे असेल, मला माहीत नाही. तुझ्या मठाधिपतींनाही माहीत नाही, माहीत असल्याचं ते नुसतं दाखवतात. पण मी वाचतो तेव्हा एक बाप्तिस्मा झालेलं तोंड तिला नावानं आत बोलावतं. वर्षातून एकदा. एवढं काय जड आहे?"

"हे प्रार्थनेत बसत नाही, बाबा."

"मग बसवून घे," म्हातारा म्हणाला आणि घंटा झाली.

३

डिसेंबरात मठाधिपतींनी सांगितलं की ईस्टरसाठी वेदीवर नवं स्तोत्रांचं पुस्तक हवं. बर्फानं रस्ते बंद, वासराची कातडी येणार कुठून? अठ्ठावीस पानं कमी पडत होती. अशा वेळी एखादं जुनं पुस्तक घासून कोरं करायचं आणि त्यावर लिहायचं, ही मठाची रीतच होती. कुठलं घासायचं, ते ग्रंथपालानं ठरवायचं.

कपाटात द्राक्षमळ्यांच्या जुन्या याद्या होत्या. एका नियमावलीच्या तीन प्रती होत्या, त्यातली एक वाळवीनं खाल्लेली. तिबोचा हात त्यांवरून गेला आणि खालच्या फळीशी थांबला. कुणी सांगितलं नव्हतं हो त्याला. कुणाचाही हुकूम नव्हता. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं ते हसू कानात होतं, एवढंच.

त्यानं पानं उसवली. दुधात कोंडा कालवून त्यात भिजवली. मग ताणून, वाळवून, वजरीच्या दगडानं घासायला बसला. खर्र, खर्र. शाई भुरभुर उडायची आणि त्याला बरं वाटायचं, हे खरं आहे. हाकेमागून हाक, संध्याकाळीमागून संध्याकाळ पुसली गेली. शेवटच्या पानावर मात्र तिचं नाव हटेना. बाबांचं बोट तिथं इतकी वर्षं फिरून शाई कातड्यात मुरली होती. तिबो हट्टाला पेटला. घासत राहिला, आणि नावाच्या जागी भोक पडलं.

मग त्यानं ते पांढऱ्या दोऱ्यानं शिवलं. नऊ टाके, मुंगीच्या पावलाएवढे. मठाधिपतींनी पान उजेडात धरून मान डोलावली. "काय टाका घातलाय! देवाच्या पुस्तकाला दागिना झाला हा."

जानेवारीत रेनारबाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी, वाचा बंद. आजाऱ्यांच्या खोलीत बुशार त्यांची सेवा करायचा. बुशार म्हणजे अंगानं पिंप, मनानं लोणी, आणि बोलायची मोकळीक असलेल्या खोलीचा राजा. त्या दिवशी तिबो भेटीला गेला तेव्हा मठाधिपतीही खाटेशी उभे होते.

बाबांनी तिबोला पाहिलं. डावा हात कसाबसा उचलला. पान उलटलं. मग बोट कानामागे नेलं आणि खाजवलं.

"काय म्हणतायत?" बुशारनं विचारलं. ती खूण त्यानं स्वतः कधी केली नव्हती, त्याला चटकन लागली नाही.

मठाधिपतींपुढे मरणाऱ्या माणसाला परधर्मी पुस्तक आणून द्यायचं? आणि आणायचं ते कुठून? ते तर वाळत पडलं होतं, कोरं. पण हे पुस्तक आता नाही, मी पुसलं, एवढं म्हणायला तरी काय जात होतं त्याचं?

"कान खाजतोय वाटतं," तिबो म्हणाला.

"अरेच्चा, मग आधी नाही का सांगायचं!" बुशार धावला. तेल कोमट केलं आणि म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन मायेनं कानात सोडलं. तेल गळ्यावरून उशीवर ओघळलं. बाबांनी डोळे तिबोवरून हलवले नाहीत. त्यांना कळलं होतं. हात हळूच पांघरुणावर ठेवला आणि तिबोकडे पुन्हा काही मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले.

४

पहिल्या खेपेनंतर चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी पुन्हा. खिडकीच्या खालच्या कडेवर आधी चार बोटं आली, चौकट धरल्यासारखी. मग हात वर आला, पान उलटलं, गेला. खर्र. खर्र.

दुसऱ्या सकाळी ओवरीत त्यानं बुशारला बाजूला घेतलं. "बुशार, एक विचारू? मेलेला माणूस मागायला येतो का?"

"काय मागायला? जेवायला?" बुशारनं डोळे मिचकावले. "रेनारबाबांचं ताट मांडतोय की आपण, तीस दिवस मांडायचं. रोज त्यांच्या वाटणीचं गरिबाला देतो. त्यांच्या नावच्या मिस्सा-प्रार्थना चालू आहेत. म्हातारा खाऊनपिऊन सुखी आहे, लेका."

"थट्टा नको रे."

बुशारचा चेहरा उतरला. "मला एकच वाईट वाटतं बघ. शेवटपर्यंत तो कान काही बरा झाला नाही. अख्खी बाटली ओतली मी. तू गेल्यावर रोज हात तिकडे नेऊ बघायचे, पण पोचायचा नाही. मीच मग खाजवून द्यायचो. तर डोळ्यांतून पाणी."

तिबोला तिथं उभं राहवेना. खरं काय ते सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि घंटा झाली. घंटा झाली की गप्प. त्या दिवशी त्याला नियमाचा मोठाच आधार वाटला, आणि त्या आधाराची लाजही वाटली.

आता तिबो काही भोळसट माणूस नव्हता. त्यानं खोलीत उंदराचा सापळा लावला. दाराबाहेरची वेल छाटून टाकली. उंबऱ्याबाहेर राख पसरली. जेवणाच्या वेळी बेचाळीस पाठी मोजल्या. त्याच्यासकट त्रेचाळीस, सगळे हजर, सगळ्यांचे हात ताटात. मग सगळ्यांआधी उठून खोलीत आला, दार लावून वळला, तर खिडकीत बोटं होती.

त्यानं पहिल्यांदा नीट पाहिलं. नखं स्वच्छ. मनगट काडीसारखं. आणि हात खालून वर येत होता, खिडकी छातीच्या उंचीला असताना. उंच माणूस हात घालतो तो वरून घालतो. हे बोटांवर उभं राहून पोचणाऱ्याचं काम होतं.

रेनारबाबा उंच होते. दारातून जाताना डोकं वाकवायचे.

राखेवर काहीच उमटलं नव्हतं. फक्त उंबऱ्याशी पांढरा भुसा पडला होता. वजरी फिरवल्यावर कातड्याचा पडतो, तसला.

५

तीस दिवस संपले. ताट मांडणं बंद झालं. बाबांचा आत्मा आता विसावला, असं सभेत जाहीर झालं. त्याच दुपारी खर्र, खर्र.

तेव्हा मात्र तिबो मठाधिपतींच्या पायाशी जाऊन बसला आणि पापनिवेदन केलं. सगळं सांगितलं. पुस्तक, खोटं, तेल. हात तेवढा सांगितला नाही.

मठाधिपती मनानं चांगले होते. तीच तर पंचाईत. "तिबो, उठ. मरणाऱ्याशी खोटं बोललास, ते चुकलं. त्यासाठी सात स्तोत्रं म्हण. पण पुस्तकाचं काय घेऊन बसलास? कुत्र्याचं लिखाण होतं, त्यावर प्रभूची स्तुती लिहिलीस. यात पाप कसलं?"

"पण त्यात एक मूल होतं."

"मूल नव्हतं. कविता होती."

"तिला एक नाव होतं. मला आठवत नाहीये."

मठाधिपतींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तू थकला आहेस. मी बुशारला सांगतो, उपास सुरू होईपर्यंत तुला दोन अंडी जास्त देईल."

घ्या! माणूस शिक्षा मागायला गेला आणि अंडी घेऊन आला. शिक्षा झाली असती तर फिटलं असतं. क्षमा त्याच्या घशाखाली उतरेना. आणि नाव खरंच आठवत नव्हतं. बाबांच्या झग्याचा धुराचा वास आठवत होता. बाकाचा गुळगुळीत कोपरा आठवत होता. दहाव्यांदा जमलं तेव्हा छातीत काय झालं तेही आठवत होतं. नाव जिभेच्या टोकाशी यायचं आणि तिथं नुसती घासलेली जागा असायची.

६

स्तोत्रांचं नवं पुस्तक तयार होऊन त्याच्याकडेच ठेवलेलं होतं. उपासकाळाच्या पहिल्या सोमवारी सभेत गालिचा अंथरून पुस्तकं वाटली गेली. यादी तिबोनंच वाचली. प्रत्येकानं उठून आपलं पुस्तक घेतलं. शेवटी रेनार हे नाव त्यानं सवयीनं वाचलं, आणि सभेत कुणी हललं नाही. रेनारबाबा दरवर्षी त्याच दुपारी येत.

दुपारी तो खोलीत बसून राहिला. बोटं आली. पान उलटलं गेलं. खर्र सुरू होण्याआधीच तिबोनं वेदीचं ते नवं पुस्तक उचललं, टाके घातलेलं शेवटचं पान उघडलं आणि ते खिडकीवर ठेवलं. "आता एवढंच आहे गं," तो पुटपुटला. नियम मोडला. आणि आपण 'गं' म्हणालो, हे बोलून झाल्यावर त्याला कळलं.

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागे पानाला हात लागल्याचं ऐकू आलं. मग नखाचा आवाज. ओरबाडण्याचा नव्हे, हलका, चाचपल्यासारखा. एका जागी. तिथंच. तिथंच. मग लहान मूल खूप शोधून सापडलं नाही की नाकानं श्वास सोडतं, तसा एक श्वास.

घंटा झाल्यावर त्यानं वळून पाहिलं. नव्या शाईवर नखाचे बारीक चरे होते, आणि चऱ्यांमधून खालची जुनी, फिकट तपकिरी ओळ वर आली होती. तिबोनं पान उजेडाला धरलं. खेळ पुरे झाला. पुढचं अक्षर पुसट. पाय धू. पुढे, हाक मारायच्या जागी, नऊ टाके.

त्यानं कातरीच्या टोकानं टाके उसवले. सगळे, एकेक करून. दोरा निघाला. भोकातून त्याला आपलाच अंगठा दिसला.

तिबो रडला. सात वर्षांचा असताना रडला होता तसा, मोठ्यानं, नाक ओढत. आता हसायला कुणी नव्हतं. ओवरीतून चाललेला बुशार थबकला, आत डोकावला, आणि नियम गुंडाळून ठेवून म्हणाला, "काय झालं रे?"

"त्यांचा कान खाजत नव्हता, बुशार. ते पुस्तक मागत होते."

बुशारच्या जाड हाताची बोटं आपोआप पान उलटल्यासारखी झाली, मग कानामागे गेली, आणि त्याला समजलं. "आणि मी तेल ओतलं," तो म्हणाला. "देवा रे. मी तेल ओतलं." तो निघून गेला. पुढे कितीतरी दिवस तिबोला पाव वाढताना तो वर बघायचा नाही.

७

त्यानंतर रोज दिवेलागणीला तिबो दाराशी जाऊन बसू लागला. आतून. बाहेर चाहूल लागली की हळू आवाजात नावं घ्यायचा. माहीत असलेली सगळी. संतिणींची, रोमी राण्यांची, आपल्या आईचं, गावातल्या पोरींची. "ये. आत ये." बाहेर खाजवणं थांबायचं नाही. परक्या नावाला लेकरू ओ कशाला देईल?

एकदा त्यानं नुसतंच म्हटलं, "ये गं बाई, कोण आहेस ती ये." खर्र थांबलं. क्षणभर. मग पुन्हा सुरू झालं, अधिक जोरात, जणू समोरच्याला ऐकू येत नाही म्हणून.

तेव्हा तो वाकला. इतक्या दिवसांत वाकून पाहायचं धाडस त्यानं केलं नव्हतं. खिडकीला डोळा लावला. ओवरीत उजेड थोडाच उरला होता. खाली, दाराला अगदी चिकटून, एक डोकं होतं. पाठमोरं. तोंड अंगणाकडे, कुणी येतंय का बघत असल्यासारखं. केस दोऱ्यानं बांधलेले. एक बोट कानामागे चाललं होतं, सावकाश, शिकवल्यासारखं. तिथली कातडी घासून घासून पांढरी, कोरी झाली होती, उजेड आरपार जावा इतकी पातळ. मधे भोक होतं. भोकाच्या कडेला दोऱ्याची नऊ जोड छिद्रं होती, मुंगीच्या पावलाएवढी. ती कुणी पाडली ते तिबोला सांगावं लागलं नाही.

तो मागे सरकून जमिनीवर बसला. दहा वेळा म्हटलं होतं त्यानं ते नाव. दहातलं एक उरलं असतं तरी चाललं असतं.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की ही खूण ती का करते. पुस्तक मागायची म्हणून नव्हे. पुस्तक तिला काय करायचं? चाळीस वर्षं दर उपासकाळात या दारात पान उलटलं जायचं, कानामागे खाजवलं जायचं, आणि त्यापाठोपाठ तिला आत बोलावलं जायचं. बापाची हाक पुसली गेली. त्या हाकेच्या आधीचं तेवढं उरलं. तिला तेच आपलं नाव वाटत होतं.

तिबोनं अंधारात हात पुढे केला. पान उलटलं. बोट कानाशी नेलं, आणि ते तिथं थबकलं. एखाद्याच्या लेकीला अशी हाक मारायची? कुत्र्याची? पण दुसरी हाक त्यानं ठेवली होती कुठे?

त्यानं खाजवलं. खर्र. खर्र. खर्र.

बाहेरचा आवाज थांबला. एकदम. मग फरशीवर अनवाणी पावलं वाजली. दारापासून लांब गेली, अंगणाच्या कडेपर्यंत. हौदाशी पाणी खळखळलं, पाय धुतल्यासारखं. आणि पावलं परत फिरली, ओली, भराभर, खेळून उशीर झालेलं पोर येतं तशी. दाराची कडी वर उचलली गेली.

तिबो उठला नाही. त्यानं डोळे मिटून घेतले आणि अंग चोरून तिला आत यायला वाट करून दिली. तसल्या हाकेलाही ती धावत आली होती.